शांत वर्गाची शाबासकी

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. चंदीगडच्या आपल्या मराठी मंडळाच्या ह्या हॉलमध्ये एवढी माणसं मी एरवी गणपतीतच बघते. वृंदाताईंसाठी आलात, बरं वाटलं. खरं सांगू का, मला बोलायचं नव्हतं. राग येतो म्हणून. आणि शोकसभेत रागाने बोलू नये, एवढं आमच्या कोल्हापुरातही कळतं.

पण माझ्या आधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी एकच शब्द धरला. शिस्त. ताईंची शिस्त. त्यांच्या वर्गात म्हणे टाचणी पडली तरी आवाज यायचा.

मंडळी, मी बालवाडीत त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवते. मधली भिंत प्लायवूडची आहे. मला विचारा ना! टाचणी कसली, त्या वर्गात कपाट आडवं झालं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पोरं गात असायची, भांडत असायची, बादलीत हात घालून पाणी उडवत असायची. आणि त्या गोंधळात ताई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. ह्या होत्या वृंदाताई.

ताईंचे यजमान, विंग कमांडर साहेब, समोर बसलेत. सर, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तुमची जिथे बदली, तिथे ताईंना नवी बालवाडी. जोरहाट, भुज, आदमपूर. सगळीकडे त्या मदतनीसच. मुलं ताईंनी सांभाळायची, वर्ग मात्र दुसऱ्याच बाईंच्या नावावर. बालशिक्षणाच्या पदविकेला नाव घालायच्या, आणि ती पुरी व्हायच्या आत बदलीचा हुकूम यायचा. तुम्ही निवृत्त झालात, चंदीगडला घर केलंत, तेव्हा कुठे त्यांना एका जागी बसायला मिळालं. आमच्या बालवाडीत आल्या आणि ह्या वयात पुन्हा पदविकेला नाव घातलं. लोक हसले. "नातवंडं खेळवायला डिप्लोमा लागतो का, वहिनी?" असं विचारणारे गृहस्थ आजही आलेत. मी नाव घेत नाही.

ताईंना हवं होतं तरी काय? स्वतःचा एक वर्ग. बस्स. आमच्याकडे तो तात्पुरता मिळाला होता, पण आता नियम असा की पदविका नसेल तर वर्ग कायमचा नाही.

ह्या कोर्सच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा असते. बाहेरचे परीक्षक येऊन वर्गात मागे बसतात, आपण त्यांच्यासमोर शिकवायचं. पहिल्या खेपेला ताईंनी रोजच्यासारखाच वर्ग घेतला. तोच गोंगाट, तीच बादली, एक पोरगी ताईंच्या पाठीवर चढलेली. शेरा काय आला? वर्गावर नियंत्रण नाही. नापास.

मग सगळे समजवायला लागले. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, घरचे, मंडळातल्या मैत्रिणी. "यार वृंदा, एका तासाचा तर प्रश्न आहे. बसव ना गप्प." ताई म्हणायच्या, "अगं, तीन वर्षांचं मूल गप्प बसलं की मी आधी त्याचं कपाळ बघते, ताप तर नाही ना." सगळ्या हसायच्या आणि पुन्हा तेच सांगायच्या.

शेवटी त्या वाकल्या. मुलांची तालीम सुरू झाली. फिंगर ऑन लिप्स. ओठांवर बोट ठेवायचं, उठायचं नाही, बोलायचं नाही. भिंतीपलीकडून ती शांतता यायची आणि मला माझा वर्ग घेता यायचा नाही.

परीक्षेच्या दिवशी सगळी मुलं पुतळ्यासारखी बसली. त्यांत मेहर नावाची एक चिमुरडी होती, पिंजौरहून आईबरोबर बसने यायची. तिला शू लागली. ताईंनी सांगितलं होतं ना, उठायचं नाही? ती उठली नाही. बोलायचं नाही? ती बोलली नाही. बसल्या जागी झाली, पण पोरीने ओठांवरचं बोट काढलं नाही.

आणि परीक्षक लिहीत होते. काय लिहीत होते, माहीत आहे? उत्कृष्ट शिस्त.

ताई पास झाल्या. मी पेढे घेऊन गेले तर त्या बालवाडीच्या छोट्या खुर्चीवर बसलेल्या. म्हणाल्या, "अनघा, ती माझ्याकडे बघत होती गं. मला दिसत होतं. मी धडा थांबवला नाही."

दुसऱ्याच दिवशी त्या पिंजौरला गेल्या, मेहरच्या आईची माफी मागायला. ती बिचारी म्हणाली, "कोई बात नहीं मैडम जी, बच्चे हैं. आप पास तो हो गए ना?" ताईंना हे जास्त लागलं. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, म्हणाल्या.

आणि आपण काय केलं? ह्याच हॉलमध्ये सत्कार केला. शाल दिली. आपण फौजी माणसं, शिस्त म्हटली की हात आपोआप टाळीला जातात! परीक्षकांचा शेरा माइकवरून वाचला. ताई मान खाली घालून उभ्या होत्या, आणि आपण म्हणालो, किती ही नम्रता!

पुढे शाळेनेही तेच धरलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "एक दिवस करून दाखवलंत ना, आता रोज करा." ताई नाही म्हणाल्या. भांडल्या. मग त्यांना ऑफिसात बसवलं, आणि वर्ग गेला दुसरीकडे. ज्या कागदासाठी जन्म गेला, तो हातात आला आणि मुलं हातातून गेली. त्यांनी राजीनामा दिला. त्यानेच त्या गेल्या, असं मी म्हणत नाही. हृदयविकार होता, डॉक्टरांनी सांगितलंय. पण त्यांच्या आयुष्यातला जो तास त्यांना सर्वांत जास्त सलत होता, त्याच तासाचं कौतुक आज त्यांच्या फोटोसमोर चाललंय. हे मला सहन होत नाही. माफ करा, नाहीच होत.

आता आपण उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू. आपण मोठी माणसं गप्प राहू, आपल्याला गप्प राहायला कारण आहे. मागे पोरं दंगा करतायत, आणि त्यांच्या आया मघापासून त्यांना दटावतायत. दटावू नका. त्यांना बोलू द्या. आणि एखाद्याला बाहेर जायचं असेल, तर त्याने सरळ उठून जावं. कुणाला विचारू नये.

उभे राहा.