ओळ कोण उचलतो?

मंडळी, एक सांगा. मारणाऱ्याचा हात धरता येतो, पण चिडवणाऱ्याचं काय धरायचं? तोंड? धरून बघा, चावेल! हसू नका, उत्तर शोधा! भल्याभल्यांना सापडत नाही; सातवीतल्या एका पोरीला सापडलं. ऐका!

डोंगराच्या कडेचं गाव. तिथल्या शाळेत मोतीराम नावाचा मुलगा. लांबच्या वस्तीवरून यायचा, सायकलवर. सायकल कसली? गुलाबी! पुढे टोपली! थोरली बहीण सासरी गेली, तिची सायकल ह्याला मिळाली. पळायला झक्कास — पण वर्गात रणजित होता ना! कबड्डीचा कप्तान. आवाज असा, की ह्याला माईक नको! फाटकात उभा राहून ओरडायचा —

"मोत्या आला कशावर?"

आणि अख्खा वर्ग टाळ्या पिटत — "ताईच्या सायकलवर!"

रोज! टाळ्या पिटणाऱ्यांत आपली कावेरीसुद्धा. उत्तर सापडलं ती हीच पोरगी, बरं का! काय करणार, चाल गोड होती! वाईटाची चाल गोडच असते हो, नाहीतर म्हटलं कुणी असतं?

एके दिवशी शाळा सुटताना मोतीराम तिला म्हणाला, "कावेरे, माझी कंपासपेटी घे तुला."

"का रे?"

"उद्याचा दिवस येतो, मग शाळा बंद. शेळ्यांमागं जाणार. शेळ्या बऱ्या, गाणी म्हणत नाहीत."

पोरीनं पेटी घेतली खरी, पण आता करायचं काय? रणजितशी भांडावं? तो तिच्याहून हातभर उंच! सरांना सांगावं? सर असले की रणजित साखरेसारखा गोड!

संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. बुवा कोण? मी नव्हे! माझ्यासारखेच, पोट जरा कमी. कावेरीचे वडील टाळकरी. पण सगळे टाळकरी दुपारी लग्नात जिलब्या हाणून आलेले! बुवांनी ओळ म्हटली — मागून कुणी उचलेना! डुलक्या! बुवांनी पुन्हा म्हटली. चिडीचूप! तिसऱ्यांदा सूर असा घसरला, की बुवा खाली बसून पाणीच प्यायले.

आईशेजारी बसलेली कावेरी टुणकन उठली — "आई, सापडलं!"

सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत! येईल त्याला गाठून सांगतेय, "मोतीराम चाललाय शाळा सोडून. आपल्यामुळं! रणजितनं ओळ टाकली, तर आज उचलायची नाही."

"आणि हसू आलं तर?"

"जीभ चाव!"

आला मोतीराम. रणजितनं छाती फुगवली — "मोत्या आला कशावर?"

शांतता! लांब कुठंतरी एक शेळी तेवढी ओरडली.

"मोत्या आला कशावर?" — आवाज चिरकला! कान लाल!

तेवढ्यात मागून कुणीतरी — "रणजितचा भोंगा फुटला!" आणि पोरांनी टाळ्या धरल्या की! "फुटला! फुटला!"

खरी परीक्षा इथं आहे, मंडळी! कावेरीलाही हसू आलेलं. पण गरजली —

"गप्प! चाल तीच आहे! नुसतं नाव बदललंय!"

टाळ्या थांबल्या. रणजितच्या डोळ्यांत पाणी. मोतीराम त्याच्यापुढं गेला, सायकल पुढं केली. "एक चक्कर मारतोस?"

रणजित बसला! मोतीराम मागं कॅरियरवर! मैदानभर ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग!

"मोत्या... मोतीराम, ब्रेक कुठंय रे?"

"नाहीये! पाय टेक!"

दोघंही गडगडत मातीत! आणि हसतायत! कावेरीनं मोतीरामच्या हातात कंपासपेटी ठेवली. "घे तुझी. मोडकी पट्टी मला नको!"

तर चिडवणाऱ्याचं काय धरायचं? काही नाही! आपलीच जीभ धरायची!

आता तुमच्याकडे वळतो. पारावर म्हणा, मोबाईलच्या ग्रुपवर म्हणा, कुणीतरी ओळ टाकतंच. परीक्षा घेऊ? — "कोपऱ्यावरच्या घरातली सून दहाला उठते!"

...अरे वा! कुणीच नाही उचलली? खांबाजवळच्या मावशी, तुमचे ओठ हलले हं, मी पाहिलं!

बरं, आता ही घ्या — विठ्ठल! विठ्ठल!

...हां! छप्पर हललं! हीच उचला, मायबाप. दुसरी कुणी टाकली, तर पडू दे तिथंच!