खिडकीतला पहिला मासा

मी भंडाऱ्याकडचा, जातीनं ढिवर, हे पहिले लिहा. तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत लिहिता तसं मूळचे नागपूरचे, असं गुळगुळीत लिहू नोका. नागपूर मी नोकरी लागल्यावर पाह्यलं. आमच्या गावाले मोठा तलाव होता आन तो आमच्या ढिवरायच्या सोसायटीकडं होता, बाप जाळं टाके, आजा जाळं टाके, मीबी टाकलं, मंग शिकलो आन मासेमारी खात्यात कारकून झालो. मंगलाशी लग्न झालं, ती नर्स, ती परीक्षा देऊन इकडं आली, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठावरच्या या सदा वारं सुटलेल्या गावात, आन मी तिच्या मांगं मांगं आलो. हो, बायकोच्या मांगं आलो. लिहा, मले त्याची लाज नाही. ज्याची लाज हाये ते पुढं सांगतो, पन मधात मधात विचारू नोका ताई, माझं डोकं लवकर फिरते.

पहिले दोन वर्सं सफरचंदाच्या कोल्ड स्टोरेजमधे पेट्या उचलल्या. मंग धरनावरची जाहिरात पाह्यली, मासे मोजनारा पाह्यजे. मुलाखतीले ही हॅना होती, आमची बॉस, बायोलॉजिस्ट, वयानं माझ्यापेक्षा लहान, तिनं पडद्यावर मासे दाखवले, एकेक क्षनभर, आन म्हने कोनता ते सांगा. मी सगळे सांगतले. ती म्हने तुम्ही आधी सामन मासा पाह्यलाय का. मी म्हनलं जन्मात नाही, पन पाच मिनिटं आधी तुम्हीच तं फोटो दाखवले. माशाची पाठ आन शेपटी एकदा पाह्यली की झालं, आमच्यात लेकरं चालायच्या आधी हे शिकते. अकरा वर्सं झाली त्याले.

काम काय, तं सांगतो. धरनाच्या बाजूनं माशायसाठी पान्याच्या पायऱ्या बांधल्या हायेत, मासा एकेक पायरी उडी मारत वर चढते, आन वरच्या अंगाले पान्याखाली एक काच हाये. काचेच्या अलीकडं अंधारी खोली, त्यात मी, समोर बटनं. चिनूक जातीचा मोठा सामन गेला, हे बटन. स्टीलहेड गेला, ते बटन. पाठीवरचा बारका पर कापलेला असन तं हॅचरीचा, म्हंजे मानसानं वाढवून सोडलेला, नाही तं जंगली, त्याची बटनं वेगळी. मासा मांगं फिरला तं वजा करा. पन्नास मिनिटं मोजायचं, दहा मिनिटं डोळे मिटायचे, परत पन्नास. मान वळवायची नाही. शिंक आली तं शिंका पन डोळा उघडा ठेवा, तो कसा ठेवायचा ते मले आजवर कोनी सांगतलं नाही.

आमच्याकडं याले चढनीचा मासा म्हनते. तिकडं चढनीचा मासा दिसला की गाव लोटे, पोटात गाभोळी भरलेली, तेच तं खायाले पाह्यजे. मीबी खाल्ली, पोटभर. हा सामन समुद्रातून येते, शेकडो मैल उलटा चढते, वाटेत खात नाही, वर जाऊन अंडी घालते आन मरते. त्याच्या वाटेत समुद्रसिंह बसले, गळ टाकनारे बसले, एकामांग एक धरनं बसली, आन एवढं करून हेच लोक काचेमांगं मानूस बसवते, पाहा बावा किती उरले. मले या सगळ्यायचा राग येते. पगार त्यायचाच घेतो म्हनून माझाबी येते.

मंडळात एकदा गेलतो, तीन तास ड्राइव्ह करून. एक रिटायर्ड डॉक्टर काका, सगळे त्यायले वाकून राह्यले, मले म्हने, मासे मोजता म्हणजे नक्की काय करता हो? मी सांगतलं. ते म्हने, वा, मग कालवणाची कायमची सोय झाली तुमची. सगळे हासले. मी म्हनलं, काका, तुम्ही चाळीस वर्सं लोकायचे ठोके मोजले, ते घरी घेऊन जात होते का? मंगलानं माझा हात धरून मले गाडीत बसवलं. श्रीखंडबी खाऊ दिलं नाही.

आता ते सांगतो.

तुम्ही पुन्याच्या, तुमच्याकडंबी असन, धान्य मापताना पहिल्या मापाले एक नाही म्हनत, लाभ म्हनते. लाभ, मंग दोन, मंग तीन. आमचा बाप माशायलेबी तसंच मोजे. जाळ्यातला पहिला मासा हातात घे, लाभ म्हने, हात जोडे आन मासा पान्यात सोडून दे. तो तलावाचा वाटा. तो टोपलीत नाही, सोसायटीच्या वहीत नाही. मले कोनी हे शिकवलं नाही, पाहून पाहून अंगात भिनलं. तं इथं पह्यल्याच दिवशी, पहाटं पाचले खिडकी उघडली, पहिला चिनूक आला, हा मांडीएवढा, आन माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले आन तोंडातून निघालं, लाभ. मासा निघून गेला. हात जोडलेले असले तं बटन कोन दाबन? दुसऱ्या माशाले मी दोन म्हनलं आन बटन दाबलं, मशीनमधे एक.

मले समजलं नाही असं समजू नोका. त्याच दिवशी समजलं. म्हनलं जाऊ दे, दिवसाचे हजार मासे जाते, एक नदीचा वाटा. दुसऱ्या दिवशीबी जाऊ दे. मंग रोज.

तीन वर्सांमांगं उन्हाळा लय तापला. पानी एवढं गरम की मासे खालीच थांबून राह्यले. त्यात एक मासा हाये सॉकाय, समुद्रातून येते तवा रुपेरी, वर जाऊन लालभडक होते, आन तो नदीत नाही, डोंगरातल्या तलावात जाऊन अंडी घालते. तलावाचा मासा. मी मंगलाले म्हनो, हा आपल्यातला हाये. त्यातलाबी जो सगळ्यात लांबच्या तलावाले जाते तो मोजून मापून थोडा उरला. तं त्या उन्हाळ्यात असं ठरलं, की आमच्या खिडकीतून सॉकाय गेला की वरच्या धरनाले कळवायचं, तिथं लोक सापळा लावतीन, त्याले धरतीन आन थंड पान्याच्या टाकीत घालून ट्रकनं तलावाकडं नेतीन. आकडा शून्य, तं सापळा बंद, लोक घरी.

एका सकाळी एकच सॉकाय गेला. तो त्या दिवशीचा माझा पहिला मासा होता.

मी हात जोडले. दिवसभर दुसरा आला नाही, संध्याकाळी कागदावर सॉकायच्या रकान्यात शून्य गेला. चार दिवसानं तो वरच्या धरनाच्या खाली काठाले मेलेला सापडला, मादी होती, पोट अंड्यायनं भरलेलं. तिच्या पोटात तांदळाच्या दान्याएवढी चिप होती, लहानपनी सोडताना बसवते ती. पायरीवरचं यंत्र चिप टिपते, त्या नोंदीनं सांगतलं की ती आमच्या पायरीवरून त्या दिवशी पाच वाजून काही मिनिटांनी गेली.

हॅना लॅपटॉप घेऊन आली. व्हिडिओ लावला. काचेमांगून मासा जाऊन राह्यला, आन काचेवर माझं प्रतिबिंब, दोन्ही हात जोडलेले, तोंड हालून राह्यलं. तिनं रागवावं म्हनून मी वाट पाह्यली. मंग तिनंच हळूच विचारलं, हे काय करता तुम्ही? मी सांगतलं, जमन तसं इंग्लिशमधे. तिच्या डोळ्यात पानी आलं. मले तिचा एवढा राग कधी आला नाही ताई. मासा माझ्यामुळं मेला, शिव्या दे, काढून टाक, रडते काय?

मंग तिनं विचारलं, कधीपासून?

मी म्हनलं, या उन्हाळ्यापासून.

तेवढंच. एवढंच खोटं मी बोललो. मंग फॉर्म आला, चूक का झाली त्याचं कारन लिहा, मंगला म्हने तुमी तब्येत बरी नव्हती लिहा ना, मी म्हनलं नाही, आन मोठ्या इमानदारीनं लिहिलं, प्रार्थना करत होतो. इमानदार मानूस. ऑफिसानं काय करावं, तं मले शिफ्टच्या आधी दोन मिनिटं प्रार्थनेसाठी सुट्टी देली, कागदावर सही शिक्क्यासकट, आन त्या एका उन्हाळ्याचे आकडे दुरुस्त केले. त्याच्या आधीचे आठ वर्सं तसेच पडून हायेत. तेव्हापासून पह्यल्या माशाले बटन दाबतो, हात जोडत नाही. ती दोन मिनिटंबी मी कधी घेतली नाही.

त्या आठ वर्सायचं मंगलाले माहीत नाही. ती स्वयंपाकघरात हाये, ऐकून राह्यली असन. ऐकू द्या.

हे मी मरेपर्यंत बोललो नसतो. पन आता खिडकी बंद होऊन राह्यली, कॅमेरा मोजनार, मशीन. मशीनले जुने व्हिडिओ दाखवते आन माझे जुने कागद दाखवते, असं शिकवते त्याले. ते काम एका कंपनीले देलं, तिथली एक पोरगी, पार पूर्वेकडच्या अल्फारेटा गावची, सायली नाव, मराठीच निघाली, तिनं मांगच्या आठवड्यात फोन केला. गोड बोलते. म्हने, काका, एक विअर्ड प्रॉब्लेम आहे, जुन्या व्हिडिओंमध्ये आमचं मशीन रोज सकाळी एक मासा एक्स्ट्रा मोजतंय. फक्त तुमच्या शिफ्टला. मी म्हनलं, मंग? ती म्हने, मग काही नाही, हॅना म्हणाली तुमच्याइतका अचूक डोळा तिनं पाहिलेला नाही, तर आम्ही तुमचाच काउंट खरा धरलाय, मशीनला फिक्स करतोय. जस्ट तुम्हाला सांगावंसं वाटलं, काका.

मी काय म्हनलं माहीत हाये? म्हनलं, बरं बेटा.

म्हंजे आता मशीनबी पहिला मासा सोडायले शिकन. त्याले ना बाप, ना तलाव, ना जोडायले हात, आन तरी सोडन. आन मी मेल्यावरबी ते सोडत राहन. मांगच्यावेळी एक मादी गेली, ती मले दिसली तरी. हे कोनाले दिसनार नाही.

आठवडा झाला, रोज फोन हातात घेतो आन ठेवतो. मंगला विचारते कोनाले लावता. मी म्हनतो कोनाले नाही. लोकायले तुमचं चुकलं म्हननं सोपं हाये, मी आयुष्यभर तोंडावर म्हनलं, त्या डॉक्टर काकाले म्हनलं, हॅनाले म्हनलं, तुम्हालेबी सकाळपासून काही कमी बोललो नाही. स्वतःच्या पाळीले जीभ जड झाली.

तुम्ही जे लिहिलं ते आता मले वाचून दाखवा, पह्यल्यापासून, काही गाळू नोका. मंग मी हॅनाले फोन लावतो, ती पाचपर्यंत ऑफिसात असते. तुम्ही इथंच बसा ताई, चहा घ्या, जेवून जा. तुम्ही उठल्या तं मी लावनार नाही.