सारसाचा ग्रुप

तिरोड्याहून गोंदियाला निघालेली बस, बाहेर पाऊस. माझ्या पुढच्या सीटवर फोन हातात घट्ट धरून बसलेले एक शेतकरी, शेजारी त्यांच्याच गावची एक बाई.

“खेमराजकाका, पाचवा फोन होय हा तुमचा.”

“पाणी चढून राह्यलं, रीता. माह्या धानाच्या बांधीत सारसाचं घरटं आहे. अंडं फुटाले आलं. बुडलं तं?”

“चार जण बसले आहेत न राखणीले.”

“बसले. तरी माहा जीव थाऱ्यावर नाही.”

“मी ग्रुपवर टाकलेला फोटो काऊन डिलीट केला?”

“तो ग्रुप सारसाचा होय. सकाळपासून सारे अंड्याचं विचारून राह्यले, अन् तू मंधातच दवाखान्यातली बाई टाकली.”

“हैदराबादेकडं भिंत पडली, काका. मजूर दबले. ते बाई बेहोश आहे, तिचं नाव-गाव कोणालेच मालूम नाही. हातावरचं गोंदण आपल्या इकडलं दिसते.”

“रोज कुठी न कुठी भिंत पडते. कोणाकोणाचं पाहाचं?”

“वीस गावचे लोक आहेत ग्रुपवर. एखाद्यानं ओळखलं असतं तिले.”

“थांब, फोन आला. हां, बोल! निघालं? जितं आहे? पाणी लागलं नाही न? रीता, पिल्लू निघालं वं!”

कंडक्टरनं टाळी वाजवली. मीही हसलो.

“बरं झालं, काका. आता टाकू का त्या बाईचा फोटो?”