फळीखाली झोपणार कोण?

एक होती म्हातारी, तिला दोन लेक, दोन सुना आणि डोक्यावर एक फळी... थांबा थांबा, फळी अजून लागलीच नाही, तिथंच तर सगळं घोडं अडलंय! म्हातारी म्हणजे मीच, दुसरी कोण असणार? तुम्हाला सांगते, या वयात माणसानं भिंतीकडे तोंड करून निवांत पडावं, तर मी आपली भिंतीकडे बघत पडते, की बाई, आता काय कोसळतंय!

झालं असं, की माझी थोरली सून शिवणकाम करते. हात चांगला आहे हो तिचा, गिऱ्हाईक रीघ लावतं. पण कापडांचे गठ्ठे कुठे? माझ्या खाटेवर. इस्त्री कुठे? माझ्या उशाशी. आणि कात्री, ती एवढी मोठी, लोखंडाची, ती माझ्या पांघरुणात! मी म्हटलं, अगं, माझी घडी घालून ठेव एकदाची गठ्ठ्यात. तर म्हणाली, "आई, आपण तुमच्या खाटेच्या वर फळी लावू, म्हणजे सगळं वर जाईल, तुम्ही मोकळ्या." ऐकायला गोड वाटलं. पण इस्त्री वर, कात्री वर आणि खाली झोपणार कोण? मी!

थोरल्यानं फळी ठोकली. लोखंडाचे ते काटकोनी हात असतात ना, ब्रॅकेट म्हणतात त्याला, एक हात लांब, एक आखूड. त्यानं आखूड हात भिंतीला लावला, लांब फळीखाली. मी विचारलं, "अरे, उलटं नाही ना?" तर म्हणे, "आई, तुला काय कळतंय?" आता मला खरंच काय कळणार? दुपारी पाणी प्यायला म्हणून उठले, तांब्याला हात लावला आणि मागे धाडकन! फळी, गठ्ठे, इस्त्री, सगळं माझ्या खाटेवर, आणि कात्री उशीत उभी! तहान लागली म्हणून वाचले हो. नाहीतर ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली असती?

मग मीच निघाले हार्डवेअरवाल्याकडे, थोरल्याला पुढे घालून. दुकानदार मला विचारतो, "आजी, भिंत कसली आहे?" म्हटलं, भिंतीसारखी भिंत, अजून कसली? "तसं नव्हे, पोकळ की भरीव?" अहो, मी जन्मभर भिंतीला पाठ टेकली, पण तिच्या पोटात काय आहे हे विचारलं नाही कधी! मग त्यानं सगळं मांडलं काउंटरवर. ही प्लॅस्टिकची गट्टी, ही भोकात बसते. हा स्क्रू, हा गट्टीत बसतो. हा दुसरा, हा भिंतीच्या आत गेला की छत्रीसारखा उघडतो. म्हटलं, आत पाऊस पडतो का रे? "आजी, लांब हात भिंतीला, आखूड फळीला." मी थोरल्याकडे पाहिलं, तर तो छताकडे बघतोय. मला विचाराल तर एक अक्षर कळलं नव्हतं. एवढंच कळत होतं, की खाली झोपणार कोण? मी!

घरी येऊन थोरल्यानं भिंतीवर बोटानं वाजवून पाहिलं. टक टक. लगेच आतून टक टक! "ऐक आई, कसा ठणठणीत आवाज येतोय! भरीव आहे." अरे बाबा, भरीव कसली, तो पलीकडून धाकटा ठोकतोय!

हां, हे सांगायचं राहिलंच. पूर्वी ही एकच लांबलचक खोली होती. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी मध्ये लाकडी फळ्यांची पातळ भिंत घातली. खिडकी थोरल्याकडे गेली, गॅलरी धाकट्याकडे, आणि दोघांनाही वाटतं हवा दुसऱ्यानंच नेली. तेव्हापासून बोलणं बंद. धाकटा पलीकडे खोकला की मी अलीकडे आल्याचा तुकडा काढते, पण द्यायला जाऊ कशी? थोरल्याचा चेहरा पडतो.

पुन्हा दुकानात. दुकानदार म्हणाला, "अहो, लाकडी पार्टिशन आधी सांगायचं नाही का! एवढ्या वजनाला स्क्रू नाही पुरायचा. बोल्ट आरपार घाला, पलीकडे नट लावा. फक्त पलीकडून कुणीतरी नट धरायला हवं." थोरल्यानं हळूच विचारलं, "दुसरा काही उपाय?" "आहे की! आजींना दुसरीकडे झोपवा."

दुसरीकडे कुठे? चुलीवर?

थोरल्यानं दुकानदाराचं ड्रिल मशीन आणलं, लावलं भिंतीला, घर्रर्र... आणि पलीकडून केवढ्यांदा ओरडा! धाकटा आरशासमोर दाढी करत होता, आणि आरशाच्या बाजूनं ड्रिलचं टोक बाहेर! गाल थोडक्यात वाचला.

"आई, त्याला सांग, माणसं राहतात म्हणावं इथं!"

"आई, त्याला सांग, मी फळी लावतोय!"

"आई, त्याला सांग, फळी वर असते, हे भोक खाली पडलंय!"

अरे, त्याच भोकातून तुम्हा दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतंय, मी मध्ये कशाला? पण नाही! "आई, त्याला सांग, नट धर म्हणावं." "आई, त्याला सांग, मी नोकर नाही म्हणावं." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. भोकाला तोंड लावून ओरडले, "धरू नकोस! कोसळू दे! खाली झोपणार कोण? मी! कात्री पडली की दोघं मिळून रडा, तेव्हा तरी एका खोलीत याल!"

मग पलीकडून बारीक आवाजात, "...कुठला नट?"

नवी भोकं पाडली, बोल्ट आत गेले. हा इकडून फिरवतोय, तो तिकडून पान्ह्यानं धरतोय.

"घट्ट धर."

"तू हळू फिरव, दादा."

"निसटतोय का रे?"

"नाही, धरलाय मी."

ऐकलंत? दादा म्हणाला! आणि 'आई, त्याला सांग' म्हणायचं दोघेही विसरले. मी आपली खाटेवर बसून डोळ्यांत गेलेला भुसा पुसत राहिले.

पुढचं ऐका. बोल्टची टोकं पलीकडे निघालीच होती, तर धाकटी सून म्हणाली, माझीही फळी अडकवा की त्यांच्यावर! म्हणजे आता इकडे कापडं, तिकडे डबे, बोल्ट तेच. एकानं आपली फळी काढली की दुसऱ्याची पडणार. भांडायची सोयच राहिली नाही बघा! आलंसुद्धा आता मी उघड उघड नेऊन देते. म्हातारीच्या घराचे दिवस असे पालटले, तसे तुमच्याही घरचे पालटोत.

राहता राहिलं ते चुकलेलं भोक. म्हटलं, बुजवा रे. तर नको म्हणतात दोघं. जरा डोळा लागला, की डोक्यावरून सुरू, "दादा, चहा झाला का? आई झोपली का?" की लगेच इकडून, "हळू बोल, झोपलीय ती!" अरे बाबांनो, झोपतेय कसली? फळी पक्की झाली, सगळं झालं, पण या भोकाखाली झोपणार कोण?

मीच की!