राणीची शाल

उघड्यावरचं नाटक बघायला फाटकापाशी रांग लागली होती. शिंपीणबाई काखेत चटई धरून उभ्या होत्या. पुढे दोघी बहिणी. नाकं एकाच साच्यातली, आवाज खणखणीत. शिंपीणबाईंना कान लावायचेही कष्ट पडले नाहीत.

“ताई, लवकर आलोय, पुढेच बसू हं.”

“मागे बसू.”

“दरवर्षी तू राणी व्हायचीस तेव्हा मला पहिल्या ओळीत बसवायचीस!”

“तेव्हा बघण्यासारखं काहीतरी होतं.”

“यंदा तुझी जाऊ राणी होतेय, तीही काही वाईट करणार नाही. तालमीत सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणे.”

“तालीम बंद खोलीत होते. खोलीत कुणीही राणी होतं.”

“जळतेस तू तिच्यावर.”

“मी? अगं, माझी शाल दिली तिला.”

“ती कसर लागलेली?”

“राणीची पाठ कोण बघतं?”

“पण ती विचारायला आली होती ना तुझ्याकडे?”

“आली होती की. म्हणाली, उघड्यावर काही वेगळं सांभाळावं लागतं का?”

“मग वाऱ्याचं सांगितलंस ना? दिवे लागले की वारा फिरतो, तेव्हा डाव्या खांबापाशी जाऊन बोलायचं, नाहीतर आवाज नदीकडे उडून जातो, ते?”

“म्हटलं, शाल तुला छान दिसते.”

“ताई!”

“खोटं बोलले का? दिसतेच छान, मेली.”

“अगं, मग मागे तिचा एक शब्द ऐकू यायचा नाही!”

“सरक लवकर. मागच्या जागा भरतील.”