बाजारबुणगे म्हणजे कोण

…नाही, पण मागे का बसायचं, हे तरी सांगाल की नाही? तुम्हाला सांगतो, त्या सभागृहाचा माईक बारा वर्षं मी सांभाळतोय, आणि परवा व्याख्यान होतं शब्दांच्या जन्मकथांवर, म्हणून आमच्या हिला हौस, शिवणकाम टाकून आली, चांगली पहिल्या रांगेत बसली, तर सभागृहाचे चिटणीस आले, आवाज कसा, नाकाला चिमटा लावल्यासारखा, "बाई, मागे व्हा, ही पाहुण्यांची रांग… कुठून कुठून येतात बाजारबुणगे." ऐकलंत? मी तिथंच वायर जोडत होतो. जोडत राहिलो. सामान्य माणूस हो, नोकरी आहे, काय बोलणार?

ही मुकाट मागे गेली. तिचा चेहरा… जाऊ द्या.

मग प्राध्यापक उठले, आणि काय योग बघा, पहिलाच शब्द काढला 'बाजारबुणगे'. घसा खाकरून म्हणाले, "बुणगं म्हणजे लष्कराचं अवजड सामानसुमान, तंबू, राहुट्या. फौजेमागून ते चालायचं, त्याच्याबरोबर बाजार चालायचा, आणि सगळी न लढणारी माणसं. पुढे अर्थ घसरला, कुचकामी गर्दी असा झाला." पहिली रांग खो खो हसली. जसे काही यांचे पणजे-खापरपणजे झाडून सगळे घोड्यावरच होते. सामान्य माणूस हो मी, पण यात हसण्यासारखं काय, ते मला कळेना.

तेवढ्यात मागून हिचा हात वर. चिटणिसांनी डोळे वटारले, "प्रश्न शेवटी." तुम्हाला वाटेल, मी माईक बंद केला. छे… उलट दुसरा माईक उचलला आणि वायर ओढत ओढत थेट हिच्या हातात दिला.

ही म्हणाली, "सर, त्या लढणाऱ्यांना जेवायला कोण घालायचं? घोड्यांना नाल कोण ठोकायचं? तंबू फाटला तर शिवायचं कोण?"

प्राध्यापक चष्मा पुसत राहिले. माणूस सरळ होता. म्हणाले, "हेच लोक, बाई. बाजारबुणगेच. हे माझ्या टिपणात नव्हतं."

पहिल्या रांगेला एकदम खोकल्याची साथ आली. सामान्य माणूस हो, पण छाती अशी फुगली म्हणता…

आभार झाले, सगळे उठले. चिटणीस माझ्याकडे आले. म्हटलं, गेली नोकरी. तर हॉलभर नजर फिरवून नाकातल्या नाकात म्हणतात, "बाई आहेत ना अजून? बरं झालं. दोघं मिळून खुर्च्या उचला."

उचलल्या. काय करता, लढणारे सगळे जेवायला गेले होते.