नाक्यावरचा बॅनर

नवीन पनवेलच्या एका व्हिसा एजंटकडे मी फोटोसाठी थांबलो होतो. टेबलासमोर एक काकी आणि त्यांचा मुलगा हृतिक बसले होते. काकींच्या मांडीवर लग्नाचा जाडजूड अल्बम.

"बायकोच्या माहेरी जायचंय ना, पोलंडला? मग मॅरेज सर्टिफिकेट द्या," एजंट म्हणाला.

"ह्यो घ्या अल्बम."

"काकी, सर्टिफिकेट."

"ह्याच्यात समदं हाय. ही हलद, ह्यो डीजे, ह्यो नाक्यावरचा बॅनर. वाचा, दोगांची नावं हायत."

"बॅनर चालत नाही. लग्नाची नोंदणी केली होती का?"

"हृतिक, केलीस?"

"आई, तूच बोललीस, घाई काय हाय."

"मंग? हलदीच्या गडबडीत कोनाला टाईम होता?"

"म्हणजे कागदावर तुम्ही अविवाहित. फॉर्मवर मार्ताला बायको नाही, मैत्रीण लिहावं लागेल."

"मैत्रीन? तीन हजार मानसं मटन जेवून गेली, नि सून मैत्रीन?"

"मग आता करा नोंदणी. तीन साक्षीदार आणा."

"तीनच? आख्खा गाव आनते."

"तीन पुरे. पण नवरा-नवरी दोघंही सहीला हजर पाहिजेत. मार्ता कधी येतील?"

"तिचा इथला व्हिसा संपला. वाढवायला गेलो, तर त्यांनी पन सर्टिफिकेट मागितलं. म्हनून तर ती माहेरी गेली. तिलाच आनायला मी चाललोय," हृतिक म्हणाला.

"मग अवघड आहे."

"अवो, दोगं हजर पायजेत ना? ह्या फोटोत हायत की."